चौकातली एर्मिनिया

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. माझे निम्मे आयुष्य लाटांवर गेले आणि निम्मे मोटारींच्या गराड्यात. ऐकायला हे विचित्र वाटेल, पण खरोखर तसेच घडले.

माझा जन्म कोव्हेलो या समुद्रकाठच्या गावात, वाळूवर झाला. आदेलिनो नावाच्या तरुण कोळ्याने आणि त्याच्या वडिलांनी पाइनच्या फळ्या जोडून, फटींत डांबरात भिजवलेला काथ्या ठोकून मला उभे केले. अंगाला निळा रंग, कडेला पिवळी पट्टी आणि पुढे दोन्ही बाजूंना एकेक रंगवलेला डोळा, म्हणजे धुक्यात मला वाट दिसावी. नाव ठेवताना आदेलिनोने कुणाचा सल्ला घेतला नाही. माझ्या अंगावर त्याने 'एर्मिनिया' असे लिहिले. गावात या नावाची एकच मुलगी होती. रंग वाळायच्या आत ती तिथे आली, तिने अक्षरे वाचली आणि म्हणाली, "शेवटचं अक्षर वाकडं आलंय." त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले.

पुढे कितीतरी वर्षे मी सार्डिन मासे भरभरून आणले. एर्मिनिया किनाऱ्यावर उभी असे. आम्हाला उशीर झाला तर ती आधी माझ्यावरून हात फिरवी आणि मग नवऱ्यावर रागवे. पण मोठ्या, इंजिनाच्या होड्या आल्या आणि माझे काम संपले. त्याच सुमारास गावात नवा गोल चौक झाला. महामार्ग, बाजार, बंदर आणि समुद्रकिनारा, असे चार रस्ते तिथे एकत्र येत. चौकाच्या मध्यभागी शोभेसाठी काहीतरी हवे होते. आदेलिनोने मला देऊन टाकले. मला मोडून जाळण्यापेक्षा तिथे ठेवलेले बरे, असे त्याला वाटले.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. भोवती फुलझाडे लावली, रंग दिला. उन्हाळ्यात आलेले पाहुणे माझ्याजवळ उभे राहून फोटो काढत. नंतर रंग उडाला, झाडे उंच वाढली आणि माझ्या पोटात चिमण्यांनी घरे केली. तरी मला वाईट वाटत नव्हते. वाईट वाटे ते माणसांना रस्ता ओलांडताना पाहून.

चौक ऐसपैस होता. महामार्गावरून आलेल्या गाड्या वेग कमी न करताच आत शिरत. पायी चालणाऱ्यांसाठीचे पांढरे पट्टे अगदी चौकाच्या तोंडाशी होते. आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून चालक डावीकडून येणाऱ्या गाडीकडे बघत आणि मोकळी जागा दिसताच झेप घेत. समोर पट्ट्यांवर कोण आहे, हे त्यांना दिसतच नसे. छत्र्या, खुर्च्या आणि पोरे सांभाळत आयाबाया जीव मुठीत धरून पळत.

एर्मिनिया आता सत्तरीला आली होती. साखरेत घोळलेले, पिवळ्या मलईने भरलेले गोल तळलेले पाव ती टोपलीत घेऊन किनाऱ्यावर विकायची. जुलैतल्या एका सकाळी ती पट्ट्यांवर उतरली आणि त्याच वेळी बेकरीच्या गाडीने झेप घेतली. वाल्देमार नावाचा गाडीचा चालक डावीकडे बघत होता. गाडीचा धक्का लागून एर्मिनिया पडली. तिची टोपली उडाली आणि ते पाव घरंगळत माझ्यापर्यंत आले. मित्रांनो, मी वादळे पाहिली आहेत, पण तेव्हासारखी असहाय मी कधीच नव्हते. ती माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होती, आणि मला हाक मारता येत नव्हती.

तिचे खुब्याचे हाड मोडले. वाल्देमार रस्त्यावरच तिचे डोके मांडीवर घेऊन बसला होता. तिने त्याला पहिला प्रश्न विचारला, "पाव कुणी तुडवत नाही ना?" आणि तो हमसून हमसून रडू लागला.

एर्मिनिया इस्पितळात गेली आणि दुसऱ्या दिवसापासून आदेलिनो पट्ट्यांवर येऊन उभा राहू लागला. हातात त्याचे जुने वल्हे होते. कुणी ओलांडायला आले की तो वल्हे आडवे धरून गाड्या थांबवी. काही जण हात करत, काही शिव्या देत.

"आजोबा, होडी तिकडे मध्ये आहे. तिच्यात बसून वल्हवा," एकजण खिडकीतून ओरडला.

"तू आधी तुझा ब्रेक शोध, बाळा," आदेलिनो म्हणाला. "मग मी होडीत बसतो."

काही दिवसांनी नगरपालिकेची अभियंता लुर्देश आली. ती बाकावर बसून नुसती बघत राहिली. दुपारपर्यंत आदेलिनोचा धीर सुटला.

"बाई, बघून बघून गाड्या थांबतात का?"

"नाही थांबत, काका. पण तुमच्यासाठी थांबल्या, तरी मागे चौक तुंबतो, ते बघतेय," लुर्देश म्हणाली. "पट्टे तोंडाशी आहेत ना, त्यामुळे चौकातून बाहेर पडणारी गाडी थांबली की तिचं शेपूट चौकातच राहतं. मग चारही रस्ते अडतात."

"मग काय, माणसांनी उडून जायचं?"

"पट्टे मागे सरकवायचे. पट्टे आणि चौक यांच्यामध्ये एका गाडीला थांबायला जागा ठेवायची. आणि रस्त्याचं तोंड असं अरुंद करायचं, की वेगात वळताच येणार नाही."

आदेलिनोने वल्हे खाली टेकवले आणि तिच्या शेजारी बसला. "सरका थोडं," तो म्हणाला. "मलाही दाखवा."

गावाच्या सभेत मात्र गोंधळ झाला. चौकातल्या कॅफेचा मालक फाउश्तो सगळ्यात जास्त चिडला होता. "ऑगस्टात इथे पाय ठेवायला जागा नसते आणि ही बाई रस्ता अरुंद करायला निघालीय. गिऱ्हाईक गाडीतच म्हातारं होईल."

"आठवडाभर करून बघू," लुर्देश शांतपणे म्हणाली. "नाही जमलं तर मी स्वतः सगळं उचलून नेईन."

कोळ्यांनी माशांच्या रिकाम्या पेट्या दिल्या. त्या किनाऱ्यावर नेऊन वाळूने भरल्या. त्या चौकात आणून टाकायला बेकरीची गाडी आली. गाडीतून वाल्देमार उतरला. आदेलिनोसमोर त्याची मान वर होईना. आदेलिनो पेटीचे एक टोक धरून म्हणाला, "दुसरं टोक धर. एकट्याच्यानं उचलत नाही ही."

पेट्यांनी रस्त्यांची तोंडे अरुंद झाली. नवे पट्टे मागे रंगवले गेले. रस्त्याच्या मध्येही पेट्या रचून थांबायला जागा केली, म्हणजे एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या बघायच्या. पहिल्या दिवशी भोंग्यांनी कान किटले. तिसऱ्या दिवशी मला काहीतरी वेगळे जाणवले. गाड्या हळू आत येत होत्या, पण तुंबत नव्हत्या. एखादी बाहेर पडताना पट्ट्यांपाशी थांबली, तरी बाकीच्या माझ्याभोवती फिरत राहत. फाउश्तो कॅफेच्या दारात उभा राहून बराच वेळ बघत होता. संध्याकाळी त्याने लुर्देशला कॉफी नेऊन दिली.

पण एक गोष्ट राहिलीच. फोटोसाठी लोक अजूनही गाड्यांमधून धावत माझ्याकडे येत. मी मध्ये होते तोवर ते येणारच होते. लुर्देशने हे आदेलिनोला सांगितले तेव्हा तो उठून गेला. मला भीती वाटली. जुन्या होडीला एकदा जागेवरून उचलले की बहुधा ती सरपणातच जाते.

एर्मिनिया घरी आली होती. चाकांच्या खुर्चीत बसून ती चौकापर्यंत आली. आदेलिनो मागून खुर्ची ढकलत होता.

"तिला हलवा," ती लुर्देशला म्हणाली. "नाव माझं आहे, तेव्हा यांना विचारायची गरज नाही. पण मोडायचं नाही तिला. किनाऱ्यालगत ठेवा. मुलांना आत बसू दे."

"तिला सवय झालीय इथली," आदेलिनो पुटपुटला.

"सवय तुम्हाला झालीय."

क्रेनने मला उचलले तेव्हा क्षणभर माझ्या तळाखाली काहीच नव्हते. लाटेवर असते ना, अगदी तसे वाटले. मग मला किनाऱ्याच्या फरसबंदीवर, नव्या पट्ट्यांच्या बाजूला जरा हटून ठेवले. चौकात आता बुटकी फुले आहेत. पेट्यांच्या जागी दगडी कडा आल्या आणि पट्टे रस्त्यापेक्षा थोडे उंच झाले. माझ्यात मुले बसतात, ओले टॉवेल वाळत घालतात आणि सारखी भांडतात. मला वाळूचा वास येतो.

वसंतात एर्मिनिया काठी टेकत पहिल्यांदा रस्ता ओलांडायला आली. आदेलिनो तिच्याबरोबर होता. एक मोटार येऊन पट्ट्यांआधी थांबली. एर्मिनियाने हात हलवून तिला पुढे जायला सांगितले. चालकाने हात हलवून तिला पुढे यायला सांगितले. तिने पुन्हा हात हलवला.

"बिघडलीय का गाडी त्याची?" तिने नवऱ्याला विचारले.

"नाही गं. तुझ्यासाठी थांबलाय."

"माझ्यासाठी कशाला? त्याला काम असेल."

चालकाने खिडकीतून डोके बाहेर काढले. "आजी, तुम्ही जा. मला घाई नाही."

मागे गाड्यांची रांग लागली होती. एर्मिनियाने केस सारखे केले, काठी पुढे टाकली आणि सावकाश, अगदी सावकाश निघाली. मध्यावर थांबून तिने दुसऱ्या बाजूला पाहिले. तिकडेही एक गाडी थांबलेली होती. मग ती आदेलिनोचा हात सोडून एकटीच चालू लागली.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गाड्या चालवाल. कोव्हेलोला आलात तर पट्ट्यांपाशी थोडे थांबा. त्या दिवशी एर्मिनिया माझ्यापर्यंत येईपर्यंत सगळे थांबले होते, आणि कुणाचे काही बिघडले नाही.