चवड्यांच्या खुणा

वसंतच्या बैठका संपेपर्यंत वंदना शेणाची बादली धरून दारातच उभी राहिली. तो अंगावर पाणी घ्यायला हौदाकडे गेला, तशी ती पुढे झाली आणि त्याने जिथे घाम गाळला होता तिथे उकिडवी बसली.

भाद्रपदातली जमीन, त्यात आदल्या दिवसाचं सारवण अजून ओलसर. उजव्या चवड्याने चांगलाच खड्डा पाडला होता, अंगठा तर पार रुतून गेलेला. डावा चवडा मात्र नुसता ठेवल्यासारखा. मांजर चालून गेलं असतं तरी याहून ठसठशीत उमटलं असतं. वंदनाने दोन्ही खुणांवरून शेणाचा हात फिरवला. असं रोजच चाललं होतं.

चैत्रात केळीच्या बागेत घड खांद्यावर घेऊन येताना वसंतचा डावा पाय पाण्याच्या चारीत गेला होता. गुडघा सुजला, हळद-तेलाने उतरला आणि महिन्याभरात वसंत पुन्हा बैठकांना उभा राहिला. रोज पाचशे. आळीत त्याचं कौतुक झालं, वस्तादाचाच मुलगा तो, असं लोक म्हणाले. बायको म्हणून वंदनालाही बरं वाटलं होतं. मग एके सकाळी तो पाण्याचा हंडा घेऊन ओट्यावरून खाली उतरत असताना डावा गुडघा एकाएकी मुडपला. खांब हाताशी होता म्हणून निभावलं.

"पाय घसरला," वसंत हसून म्हणाला.

ओटा कोरडा ठणठणीत होता. त्या दिवसापासून ती जमिनीकडे पाहू लागली.

गणपती बसले होते. विसर्जनाच्या दिवशी आखाड्याचा गणपती जाड दांड्यांच्या पाटावर बसवून राजघाटाच्या पायऱ्यांनी तापीत नेत. मूर्ती मातीची, पुरुषभर उंच. आणि पाट उतरणीला लागला की सगळा भार पुढच्या दोघांवर यायचा. पुढच्या दोन्ही दांड्यांचा मान भाईदास वस्तादांच्या घराचा होता. एका दांड्याला स्वतः भाईदास, दुसऱ्याला वसंत. पावसाळ्यात त्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि नदी तर दुथडी भरलेली. वंदनाच्या डोळ्यांपुढे तो गुडघा मुडपायचा आणि वरून मूर्ती यायची.

पण सांगणार कोणाला? नवऱ्याला सांगून पाहिलं, तर त्याने दोन दिवस अबोला धरला. सासूपाशी विषय काढला, तर गोदाबाईंनी डाळ निवडता निवडता मान हलवली.

"पहिलवानाच्या घरात पायाची गोष्ट बाईनं काढू नये, वंदना. अन् तुझ्या सासऱ्यांले मी काय सांगू? माझं कधी ऐकलंय त्यांनी?"

सासऱ्यांशी तर ती बोलतच नसे. भाईदास अंगणात यायच्या आधी खाकरायचे, ती पदर पुढे ओढून बाजूला व्हायची, आणि जे काही सांगायचं ते गोदाबाईंच्या तोंडून जायचं. लग्नाला तीन वर्षं झाली, पण सासऱ्यांचा चेहरा तिने धड पाहिला नव्हता. खाली मान घालून त्यांचे पाय मात्र पाठ झाले होते. रुंद, भेगाळलेले पाय. डाव्या पायाची करंगळी कुठल्याशा जुन्या कुस्तीत मोडून बाहेरच्या बाजूला वळलेली.

त्या संध्याकाळी ओट्यावर आखाड्यातली माणसं जमली होती. त्यांत रमेशही होता. भाईदासांचाच जुना पठ्ठ्या. पलटणीत गेला, गेल्या वर्षी हैदराबादच्या मोहिमेत मांडीत गोळी घेऊन आला. लष्करी दवाखान्यात त्याच्याकडून एकेका पायाची मेहनत करून घेतली होती. दुसरा पाय पुढे अधांतरी धरायचा, एकाच पायावर बसायचं आणि एकाच पायावर उठायचं. रमेशने ते ओट्यावर करूनही दाखवलं. वंदना दाराआड उभी राहून ऐकत होती.

"वस्ताद, घाटाची पायरी काय आपण दोन्ही पायांनी उतरतो?" रमेश म्हणाला. "एक पाय उचलला की सगळं वजन दुसऱ्यावर. मंग मेहनत पण तशीच पाहिजे ना?"

"तिथं दवाखान्यात शिकवलं का हे?"

"हाव. बिलकुल कामाचं आहे."

"बगळाही एका पायावर उभा राहतो बेटा. त्याले कोणी पहिलवान म्हणत नाही."

ओटा हसला. सगळ्यांत मोठ्याने हसला तो यादव. आखाड्यात सगळ्यांत दांडगा गडी तोच होता. रमेश हसला नाही.

"दोन पायांच्या बैठकीत चांगला पाय कमजोर पायाले झाकून घेतो, वस्ताद. माणसाले स्वतःलेच कळत नाही."

"मंग चांगलंच आहे की," भाईदास म्हणाले. "एका घरातल्यांनी एकमेकांले झाकून नाही घ्यायचं, तं कोणी घ्यायचं?"

"माझा पाय ठीक आहे," वसंत मध्येच म्हणाला. कोणी त्याचं नावही घेतलं नव्हतं. "रोज पाचशे काढतो मी."

"ऐकलं?" भाईदास म्हणाले. "माझ्या बापानं बैठका काढल्या, मी काढल्या, हा काढतो. बस."

विषय तिथेच मिटला. वंदना चुलीपाशी जाऊन बसली. तिला त्या बोलण्याचा राग आला होता आणि राग आल्याची भीतीही वाटत होती. झाकून घेणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं त्या घरात कोणाला ठाऊक होतं? ती तर रोज सकाळी शेणाने झाकत होती.

दुसऱ्या दिवशी वसंत बैठका काढून हौदाकडे गेला. वंदनाने अंगणाच्या कडेपासून सारवायला घेतलं. तुळशीभोवती झालं, चुलाण्याभोवती झालं. खुणांपाशी आल्यावर तिचा हात क्षणभर थांबला. मग तिने तेवढा तुकडा तसाच सोडून पुढचं सारवलं आणि बादली घेऊन आत गेली. जणू काही चोरीच केली होती.

थोड्या वेळाने गोदाबाई अंगणात आल्या.

"वंदना, हे काय गं? मधलाच तुकडा कसा राहिला? लक्ष कुठं असतं तुझं? आण इकडं ती बादली."

वंदना बादली घेऊन दाराशी आली खरी, पण पुढे सरकेना. तेवढ्यात कोणीतरी खाकरलं. तिने पदर ओढला. ते रुंद पाय अंगणातून चालत आले आणि त्या तुकड्यापाशी उभे राहिले. उभे राहिले ते हलेचनात. मग एक पाय किंचित वळला, करंगळी मोडलेला; वाकून नीट पाहायचं असावं.

"राहू दे," भाईदास म्हणाले.

"काय राहू दे? लक्ष्मीचं अंगण आहे, असं ठिगळ—"

"राहू दे म्हटलं ना."

बस, एवढंच. त्यानंतर दिवसभर ते काही बोलले नाहीत. दुपारी जेवताना नाही, संध्याकाळी ओट्यावर नाही. वसंतला हाक मारून त्यांनी काही विचारलंही नाही. वंदनाने कान टवकारून ठेवले होते, पण घरात रोजच्यासारखीच भांडी वाजली आणि रोजच्यासारखीच माणसं झोपायला गेली. आपला डाव फुकट गेला असं तिला वाटलं. उलट सासऱ्यांच्या मनात आपल्याविषयी अढी तेवढी बसली असेल. तिला रडू आलं आणि उशीत तोंड खुपसून ती थोडी रडलीही.

सकाळी उजाडता उजाडता ती बादली घेऊन अंगणात आली. वसंत अजून उठला नव्हता. कालच्या त्या तुकड्यात वसंतच्या दोन खुणा होत्या तशाच होत्या. पण शेजारी, तिने सारवलेल्या ओल्या जमिनीत, आणखी काहीतरी उमटलं होतं.

एकच पाऊल होतं. डावं, रुंद, भेगाळलेलं, आणि करंगळी बाहेर वळलेली. पाऊल एका जागी उमटलेलं नव्हतं. पुन्हा पुन्हा रोवलेलं, डगमगलेलं, टाच इकडे-तिकडे सरकलेली. आणि त्याच्या बाजूला पंजा होता. पाची बोटं फाकलेली, तळवा मनगटापर्यंत उमटलेला.

वंदनाला सगळं दिसलं. म्हातारा पहाटे एकटा इथे आला होता. डाव्या पायावर बसला होता, आणि उठता न आल्यामुळे जमिनीला हात टेकला होता. एकदा नव्हे, पंजाखाली आणखी एक पंजा होता. आणखी चार दिवसांनी हाच पाय पुढचा दांडा घेऊन राजघाटाची पायरी उतरणार होता. एका दांड्याखाली वसंतचा पाय, दुसऱ्या दांड्याखाली हा. तिने इतके दिवस एकाचीच काळजी केली होती.

ज्या हातापुढे अख्खा आखाडा वाकायचा, तो हात असा मातीत पाहून तिला भडभडून आलं. कोणी उठायच्या आत हे झाकलं पाहिजे, एवढंच तिला सुचलं. तिने बादलीत हात बुडवला आणि पंजावर शेण टाकायला वाकली.

मागे कोणीतरी खाकरलं.

तिने पदर ओढला आणि उठून बाजूला झाली. ते पाय हौदापाशी थांबले. आज गोदाबाई मध्ये नव्हत्या. निरोप न्यायला तिसरं कोणीच नव्हतं. 

"पुसू नको," भाईदास म्हणाले. तीन वर्षांत ते पहिल्यांदाच थेट तिच्याशी बोलत होते. "वसंतले दिसू दे."

वंदनाने हातातलं शेण परत बादलीत सोडलं.

"माझं सांगणं तो मानत नाही म्हणून नाही. मानतो, तोच तं घोळ आहे. मी झाकलं, म्हणून तोही झाकतो. यंदा आपल्या घरचा दांडा नाही. रमेश अन् यादव धरतील पुढं. त्याले सांगशील?"

"मी?"

"हाव. तूच."

"सांगते, मामंजी," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

पाय वळले आणि दाराकडे गेले. उंबरठ्यापाशी उजवा पाय आधी वर चढला, हात चौकटीला लागला, मग डावा पाय मागून ओढला गेला. तीन वर्षं ती हे पाय पाहत होती आणि हात चौकटीला लागतो हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

ती पुन्हा खाली बसली. तुळशीभोवती सारवतात तसं, बोटांच्या टोकांनी, तिने त्या पंजाच्या कडेकडेने सारवलं. आतून वसंतच्या खोकण्याचा आवाज आला, मग कडी वाजली. तो डोळे चोळत अंगणात उतरला आणि रोजच्या जागेकडे चालू लागला. जागेवर पोहोचायच्या आधीच त्याची नजर त्या वळलेल्या करंगळीवर गेली; पाय उचललेला राहिला आणि क्षणभर तो एका पायावर तसाच उभा होता.