राहून गेलेला नववा नंबर

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे, शाळेच्या हॉलमधल्या स्टेजचा. माझा रंग मुळात गडद जांभळा होता, आता विचाराल तर धुळीचा. एकदा बोलायला लागलो की मी थांबत नाही, हा माझा दोष आहे. पण इतकी वर्षं दुसऱ्यांची भाषणं मुकाट ऐकून घेतली, तेव्हा आज थोडं माझंही ऐका.

मला शिवलं ते याच हॉलमध्ये. एवढं कापड शिंप्याच्या दुकानात मावेना, म्हणून तो बिचारा मशीन घेऊन इथे आला आणि चार दिवस जमिनीवर मांडी घालून बसला. पहिल्यांदा उघडलो तेव्हा सगळा हॉल "वा!" म्हणाला. टाळ्या आपल्यासाठीच असतात, असं मला वाटलं. नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय! पुढे कळलं, की पडदा बाजूला सरला की लोक त्याला विसरतात. पोरं माझ्या काठाला हात पुसत. एकाने तर शाईचा अख्खा पंजा उमटवला. डावीकडची तिसरी कडी गंजली, आणि तेव्हापासून बंद होताना मी तिथे हमखास अडकायचो. मग शिपाईमामा दोरीला हिसका देत आणि मला नाही नाही ते बोलत.

पण आज मला सांगायचंय ते घुमीबद्दल.

शेवटच्या वर्गातली ही मुलगी. तिचं खरं नाव फक्त हजेरीपुरतं. एरवी सगळे तिला घुमी म्हणत, कारण काही विचारलं की ती मूग गिळून उभी राहायची. सगळं शिक्षण या शाळेत झालं, पण स्टेजची पायरी ती एकदाही चढली नव्हती.

निरोप समारंभाला आठ दिवस राहिले होते. गाण्याच्या बाई स्टेजच्या काठावर पाय सोडून बसल्या होत्या, मांडीवर वही आणि समोर मुलांचा घोळका. यंदा कार्यक्रम रडका नको, सगळे हसले पाहिजेत, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. मग काय, कल्पनांना ऊत आला. कुणाला शिक्षकांच्या नकला करायच्या होत्या, कुणाला खुर्च्या घेऊन नाचायचं होतं, कुणाला 'सर्वांत उशिरा येणारा विद्यार्थी' अशी बक्षिसं वाटायची होती. एकाने जादूचे प्रयोग करतो म्हणून तिथल्या तिथे मॉनिटरचं पेन गायब केलं, ते काही परत येईना. आठ नंबर लिहून झाले. तेव्हा बाईंनी मान वर करून विचारलं, इतक्या वर्षांत एकदाही स्टेजवर न आलेलं कोण आहे?

घुमीच्या शेजारी बसणारी मैत्रीण म्हणाली, "बाई, हिला आवाज काढता येतात."

घुमी लाजून चूर झाली. बाईंनी आग्रह केला नाही, नुसत्या थांबल्या. मग हॉलचं दार करकरलं. सगळ्यांनी वळून पाहिलं, तर दार बंदच. पाठोपाठ किल्ल्यांचा जुडगा वाजला, कुणीतरी दोनदा खाकरलं, आणि मोठे सर आले म्हणून सगळा घोळका ताडकन उभा राहिला. बाईसुद्धा! सर कुठेच नव्हते. घुमी मान खाली घालून उभी होती आणि तिचे ओठ जेमतेम हलत होते. हसून हसून पोरांची पोटं दुखली. बाईंनी डोळे पुसले आणि नवव्या नंबरवर तिचं नाव लिहिलं.

त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत ती माझ्यामागे येऊन उभी राहू लागली. भिंत आणि मी, मधे ती. दार, किल्ल्या, मोठे सर हे सगळं तर व्हायचंच, पण शेवटी ती बस करायची. तिचे बाबा बस चालवत. घरी बापलेक दोघंच. सकाळी सुरू होताना खोकणारं इंजिन, सुस्कारा टाकून उघडणारं दार, आणि मग बाबांचं रोजचं "सरका पुढे, पुढे जागा आहे". आपण स्टेजवर काहीतरी गमतीचं करणार, एवढंच तिने बाबांना सांगितलं होतं, काय करणार ते नाही. समोर बसून ऐकताना त्यांचा चेहरा कसा होतो, ते तिला स्टेजवरून बघायचं होतं. त्यासाठीच तर ती एवढं धाडस करणार होती. एक दिवस मला, म्हणजे कापडाला, ती हळूच म्हणाली, "बाबा येणार आहेत. पाळी बदलून घेतलीय त्यांनी." मला काळीज नाही, मित्रांनो, पण त्या क्षणी आपल्यालाही असायला हवं होतं, असं वाटलं.

समारंभाच्या सकाळी शिपाईमामांनी माझ्या सगळ्या कड्यांना तेल घातलं. तीन वाजता कार्यक्रम सुरू झाला. पाच वाजता तिथेच पालकांची सभा होती, म्हणून हॉल वेळेवर रिकामा करायचा होता. पाहुणे दहा मिनिटं बोलणार होते. चाळीस मिनिटं बोलले! स्वतःच्या लहानपणीच्या खोड्याच सांगत बसले.

आठवा नंबर चालू असताना उजव्या विंगेत बाईंनी घड्याळ पाहिलं आणि सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीच्या कानात सांगितलं, की नऊ आणि दहा काढू या, थेट शेवटचा नाच घेऊ. दहाव्या नंबरचा बासरीवाला तिथेच उभा होता. तो सुटलो म्हणून हसला. घुमी मात्र समोरच्या, डाव्या विंगेत होती. बाईंना वाटलं, सूत्रसंचालन करणारी तिला सांगेल. त्या मुलीला वाटलं, मॉनिटर सांगेल. मॉनिटर नाचाच्या खुर्च्या लावत होता. त्याला वाटलं, बाईंनी सांगितलंच असणार. यात कुणी वाईट नव्हतं. मी दोन्हीकडचं ऐकत होतो, आणि मला तोंड नव्हतं.

नाच सुरू झाला तेव्हा घुमीला वाटलं, आपल्याला शेवटी ठेवलंय. तिने माझी चूण जराशी बाजूला करून पाहिलं. तिसऱ्या रांगेत मैत्रिणीने रुमाल टाकून बाबांसाठी धरलेली खुर्ची अजून रिकामी होती. उशीर होतोय ते बरंच, बाबा पोचतील, म्हणून तिला उलट हायसं वाटलं. नाच संपला. टाळ्या पडल्या. घुमीने ओठ ओले केले आणि एक पाऊल पुढे टाकलं. तिकडून आवाज आला, सर्वांचे आभार. शिपाईमामांनी दोरी ओढली.

मी अडकायला हवं होतं हो. रोजच्यासारखं, तिसऱ्या कडीपाशी. जरा जरी अडकलो असतो तरी सगळ्यांचं लक्ष डावीकडे गेलं असतं. पण त्या दिवशी मी लोण्यासारखा सरकलो आणि तिच्यासमोर बंद झालो. तिने एकदा मला हात लावला. मग ती पायऱ्या उतरली आणि इतरांबरोबर खुर्च्या उचलू लागली.

थोड्या वेळाने बाबा धावत आले, अंगावर ड्रायव्हरचा गणवेश तसाच. ज्याच्याशी पाळी बदलली होती तोच उशिरा आला, आणि भरलेली बस रस्त्यात सोडून येता येत नाही.

"झालं का गं तुझं?" त्यांनी विचारलं.

घुमीने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना धाप लागली होती.

"झालं, बाबा. छान झालं."

"लोक हसले?"

"खूप."

बाबांनी कपाळाला हात लावला. लेक जन्मात एकदा स्टेजवर उभी राहिली आणि आपणच नव्हतो, असं ते स्वतःला बोलत राहिले. मग म्हणाले, "आता थोडंसं करून दाखव की. मला एकट्याला."

"नको, बाबा. घसा बसलाय."

तेवढ्यात बाई वही घेऊन तिथे आल्या. बाबा त्यांना म्हणाले, "बाई, आमच्या लेकीला तुम्ही स्टेजवर उभं केलंत. उपकार झाले." घुमीला निरोप पोचलाच नव्हता, हे बाईंच्या लक्षात आलं ते तेव्हा. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या काही बोलणार, इतक्यात बाबांच्या पाठीमागून घुमीने मान हलवली, नाही म्हणून.

"छान केलं हो तिने," बाई कशाबशा म्हणाल्या.

बापलेक निघून गेले. बाबा अजून तिची माफी मागत होते. घुमी पुन्हा शाळेत आली नाही. निरोपानंतर शेवटच्या वर्गाची मुलं येत नसतात. दुसऱ्या दिवशी बाई एकट्याच हॉलमध्ये आल्या. उजव्या विंगेतून डाव्या विंगेपर्यंत चालत गेल्या आणि तिथे बराच वेळ रडल्या. बारा पावलं होती, मित्रांनो. फक्त बारा.

आता मला उतरवणार आहेत, बटणावर चालणारा पडदा यायचाय. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. पण जाण्याआधी एक मागणं मागतो. तुम्हीही कधीतरी असा कार्यक्रम ठरवाल. वेळ कमी पडेल, कुणाचं तरी नाव काढावं लागेल. काढा, त्यात पाप नाही. पण ज्याचं नाव काढलंत त्याला स्वतः चालत जाऊन सांगा, दुसऱ्यावर सोडू नका. तो रागावेल, रडेल, तुमच्याशी बोलणार नाही. चालेल. निदान तो वाट बघत उभा राहणार नाही, आणि त्याचा बाप जे झालंच नाही ते पाहायचं हुकलं म्हणून जन्मभर स्वतःला दोष देत बसणार नाही.