वळणावरची खुर्ची

मर्ल हॅगर्टी मोजायची टेप घेऊन आला, तेव्हाच वांडाला कळलं की यंदाचा ड्राफ्ट हातचा जाणार. इतक्या वर्षांत त्यानं ही खोली कधी मोजली नव्हती.

ईरी शहरातल्या तिच्या बारच्या मागच्या खोलीत दर मार्चमध्ये मर्लची मंडळी जमत. बाहेर सरोवर गोठलेलं असे, आणि आत हे बारा जण खऱ्या बेसबॉल खेळाडूंची आपापल्या कागदी संघांत वाटणी, म्हणजेच ड्राफ्ट, करताना घामाघूम होत. टेबलं घोड्याच्या नालेसारखी मांडलेली. नाव पुकारायची पाळी एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाई आणि तिथूनच उलटी फिरे. म्हणून त्या टोकाच्या वळणावरच्या माणसाला लागोपाठ दोन नावं घेता येत. ते वळण कॅझचं, वांडाच्या नवऱ्याचं. तो नोव्हेंबरात गेला.

"गावातल्या त्या नव्या बारमध्ये भिंतभर टीव्हीचे पडदे आहेत," मर्ल म्हणाला. "इथं माणसं एकमेकांच्या मांडीवर बसतात."

"तुझं पोट सुटलं, त्यात माझ्या खोलीचा काय दोष?"

तो हसला, पण तिच्याकडे न बघता.

तिनं टेबलं आधीच मांडली होती. ड्राफ्ट इथून गेला, तर कॅझला या खोलीत यायला कारणच उरणार नव्हतं. हे ती कुणाला बोलली नव्हती. पण पुसलेल्या टेबलावर सकाळी त्याच्या जागी कोपरांचे दोन ओलसर ठसे दिसत, आणि तेवढी जागा ती पुन्हा पुसत नसे.

"बारावा गडी मिळाला का?" तिनं विचारलं.

"मिळाला. दातांचा डॉक्टर आहे. फार बोलत नाही."

"मग कॅझशी त्याचं जमायचं नाही."

मर्ल टेप सरकवत नावं लिहायच्या फळ्याच्या भिंतीकडे निघाला. वळणावरच्या रिकाम्या खुर्चीमागे आला तसं त्यानं अंग तिरकं केलं, पोट आत ओढलं आणि म्हणाला, "सरक जरा, कॅझ."

टेप सर्रकन मिटली.

"बघितलंस?" तो म्हणाला. "म्हणून इथं नको म्हणतोय मी. पडद्यांचं काय घेऊन बसलीस! त्या दिवशी पाळी या टोकाला आली की आम्ही सगळे थांबणार, सवयीनं. आणि त्यानं खरंच नावं घेतली तर?"

घेऊ दे की, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"फळा समोरच्या भिंतीला लावू," ती म्हणाली. "टेबलं फिरवली की वळण खिडकीशी येईल. तिथं बसव तुझ्या डॉक्टरला."

दोघांनी टेबलं ओढली. मर्लनं एकेका खुर्चीवर बसून फळा दिसतो का ते पाहिलं. खिडकीशी तो जरा जास्त वेळ बसला.

"हं. मोकळं वाटतंय," तो म्हणाला. "त्या नव्या बारवाल्यांना नाही म्हणून कळवतो."

वांडाला हवं होतं ते मिळालं होतं. तरी ती वळून कॅझच्या जुन्या जागेकडेच बघत होती.

"उरलेल्या खुर्च्या तिथं रचू?" त्यानं कॅझच्या जुन्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"तिथं नको."

"का गं? रिकामाच तर आहे."

"जायला-यायला वाट हवी."

त्या कोपऱ्यात दार नव्हतं, खिडकीही नव्हती. मर्ल क्षणभर भिंतीकडे बघत राहिला. मग त्यानं खुर्च्या उचलल्या आणि एकेक करून बाहेरच्या बोळात नेऊन ठेवल्या.