लस टोचलेली आजी

बानाबाईचा दंड दुखायला लागला लस टोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि ती घाबरलीच. दुखण्याला भिणारी बाई नव्हे ती. देवगाव रंगारीच्या माळावर उभा जन्म मेंढरांमागं गेलेला. काटे, विंचू, लांडगे सगळं बघून झालेलं. पण अंगही कढत लागत होतं, आणि नेमकी त्याच दिवशी नात दवाखान्यातून घरी यायची होती.

नात म्हणजे केरबाची पहिली पोर. केरबा तिचा एकुलता लेक, शहरात रिक्षा चालवतो, गुलमंडीच्या मागं दोन खोल्यांत राहतो. सुनेचं नाव मंजुळा. मंजुळाला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते सासरीच करायचं ठरलं. बानाबाई डिंक, खोबरं, आळीव आणि घोंगडी बांधून शहरात आली. मेंढरं नवऱ्याच्या हवाली केली, की नवरा मेंढरांच्या, ते तिचं तिलाच ठाऊक. आणि पोर बघा, दिवस भरायच्या आधीच आली. मूठभर जीव. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली. बानाबाईनं तिला काचेतूनच पाहिलं, आणि तेव्हापासून तिचे हात शिवशिवत होते. कधी एकदा पोरीला पायांवर घेऊन न्हाऊ घालते, असं झालं होतं तिला.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मायलेकांना बोलावून घेतलं. "बाळ सहा महिन्यांचं होईस्तोवर त्याला फ्लूची लस देता येत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून बाळाला हाताळणाऱ्यांनी घ्यायची. मंजुळानं पोटुशी असतानाच घेतलीय. राहिलात तुम्ही दोघं."

बानाबाईनं तिथल्या तिथं चोळीची बाही वर सारली. केरबानं मात्र सुई बघून तोंड फिरवलं आणि मगच दंड पुढं केला. "मेंढरू बरं तुझ्यापेक्षा," बानाबाई म्हणाली, "टोचताना निदान उभं तरी राहतं." नर्स तोंडावर हात ठेवून हसली. असं हसतखेळत सगळं झालं होतं.

आता तुम्ही म्हणाल, सुई टोचली की दंड दुखतो, एवढंही बाईला कळू नये? अहो, कळत होतं. जरा जास्तच कळत होतं, घोटाळा तिथंच झाला. मेंढरांनाही देवीची लस टोचतात. ढोरांच्या डॉक्टरांनी मागं बजावलं होतं, की ह्या लसीत रोग जिताच असतो, फक्त नरम केलेला. म्हणून टोचलेली मेंढरं काही दिवस कोवळ्या कोकरांपासून लांब बांधायची. एका वर्षी नवऱ्यानं, भिकननं, हयगय केली आणि काही कोकरं गेली. लसीनं गेली की आणखी कशानं, देव जाणे. पण त्या दिवसापासून मेंढरांच्या वाड्यावर कायदाच झाला: टोचलेलं मेंढरू कोकरापाशी फिरकू द्यायचं नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं.

आणि आता टोचलेलं कोण? ती स्वतः. वर अंगात ताप. रोग अंगात उतरला, ह्याला आणखी काय पुरावा पाहिजे?

बानाबाईनं आपली घोंगडी उचलली आणि बाहेरच्या ओट्यावर नेऊन टाकली. दुपारी रिक्षा दारात आली. मंजुळा पोरीला दुपट्यात गुंडाळून उतरली आणि हसत सासूकडं हात पुढं केले. बानाबाई दोन पावलं मागं सरली. लांबूनच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, "आत घे तिला, वारं लागंल." केरबा मागोमाग आत जायला लागला, तर त्याला "धंद्याच्या टायमाला घरात काय करतोस?" म्हणून पिटाळून लावलं.

सांगायचं ना मग सुनेला सरळ! पण ओल्या बाळंतिणीला कसं सांगणार? धास्तीनं दूध आटलं तर? मूठभर पोर, तिला दुसरा आधार कसला? म्हणून बाईनं तोंडाला कुलूप लावलं. आळिवाची खीर केली, नाकातोंडाला पदर बांधून उंबऱ्यावर ठेवली आणि परत ओट्यावर जाऊन बसली. आत पोर रडली की हिचा जीव तिळतिळ तुटायचा, पण ढिम्म हलली नाही.

मंजुळानं पोरीला एकटीनंच न्हाऊ घातलं. तिला सवय कुठली? पाणी धड ऊन नाही, पोर हातातून निसटायला बघते, ती रडते, हीही रडते. बानाबाई ओट्यावरून ऐकत होती आणि मांडीवर मुठी आवळत होती.

दुसऱ्या दिवशीही तेच. खीर उंबऱ्यावर ठेवून ती वळणार, तोच मंजुळा दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. आवाज मात्र अगदी बारीक.

"आत्याबाई, मुलगी झाली म्हणून शिवत नाय व्हय तुमी?"

असलं काही सुनेच्या मनात येईल, हे बानाबाईच्या ध्यानीमनी नव्हतं. मग दूध आटायची भीती गेली चुलीत. लस, ताप, मेंढरं, कोकरं, सगळं तिनं भडाभडा ओकून टाकलं. ऐकता ऐकता मंजुळाचा जीव भांड्यात पडला, आणि तसाच पुन्हा वर आला. "आवो, पण काल राती तुमचा डोळा लागल्यावर ह्यांनी घेतलं की तिला! त्यांनाबी टोचलंय."

झालं. आता दोघीही घाबरल्या. केरबाला फोन गेला, रिक्षा आली. मागं मंजुळा आणि बाळ. बानाबाई मागं बसायला तयारच नाही, लेकाशेजारी अर्ध्या बुडावर टेकली आणि औरंगपुऱ्यापर्यंत तोंड बाहेर काढून श्वास घेत राहिली.

डॉक्टरीणबाईंनी आधी बाळ तपासलं. ठणठणीत. मग आजीचा घसा पाहिला, छाती ऐकली. सर्दी? नाय. खोकला? नाय. ताप? तोही उतरलेला. मग त्यांनी मेंढरांची हकिगत नीट ऐकून घेतली. हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

"ढोरांच्या डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबरच," त्या म्हणाल्या. "देवीची लस जिती असते. तुम्हाला दिली ती जिती नाही. ही करतात कशी सांगू? कोंबडीच्या पिल्लू धरलेल्या अंड्यात सुईनं फ्लूचा जंतू सोडतात. दोन-तीन दिवस अंडी उबेत ठेवली की आत जंतू वाढतो. मग अंड्यातलं पाणी काढून घेतात, औषधानं जंतू मारून टाकतात, त्याचे तुकडे करतात, स्वच्छ करतात. तुमच्या दंडात गेले ते मेलेल्याचे तुकडे. ते कुणाला लागत नाहीत. शरीर त्यांना बघून ठेवतं, म्हणजे उद्या खरा जंतू आला तर लगेच ओळखतं."

बानाबाई म्हणाली, "म्हंजी मेलेल्या लांडग्याचं कातडं कुत्र्यांना हुंगवावं, तसं?"

"अगदी तसंच. कातडं चावत नाही."

"अन् ताप?"

"कुत्री भुंकली, एवढंच." डॉक्टरीणबाई आता मात्र हसल्या. "पण कुत्री तयार व्हायला पंधराएक दिवस लागतात. तोवर सर्दी-खोकला झालाच तर बाळापासून लांब राहा. आणि हा लांडगा कातडं बदलत राहतो, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा टोचून घ्यायचं."

"दर वर्षाला टोचा माय," बानाबाई म्हणाली. "दोन्ही दंडांत टोचा." आणि पदर तोंडाला लावून ती तिथंच, चार लोकांत, ढसाढसा रडली. दोन दिवसांचं ओझं उतरत होतं, दुसरं काय.

मंजुळानं पोरीला तिच्या मांडीवर ठेवलं. पोरीनं डोळे किलकिले केले, जांभई दिली. बानाबाईनं तिचं कपाळ हुंगलं, तळवे हुंगले, बोटं उलगडून एकेक पाहिलं. घरी जाताना ती ऐटीत मागं बसली, पोरीला पोटाशी धरून. मंजुळानं शेजारून हात पुढं केला. "द्या आत्याबाई, तुमचा दंड दुखतोय."

"दुखू दे," बानाबाई म्हणाली आणि पदर आणखी घट्ट केला. गुलमंडीच्या गर्दीत रिक्षा अडकली, हॉर्नचा गलका झाला आणि पोरीनं भोकाड पसरलं. तेव्हा कुठं नाइलाजानं तिनं पोर सुनेच्या हातात दिली.

"भुकेजलीय म्हणून देते," ती म्हणाली. "पोट भरलं की माझी मला परत दे."