सत्यवतीकाकीचा कौल

तनयाने लेकीसाठी बाई शोधताना जेवढी चौकशी केली, तेवढी तिच्या लग्नात नवऱ्याचीसुद्धा कोणी केली नसेल. बाई तंबाखू खाते का, तिच्याकडे कोण येतं-जातं, पोरांना मोबाईल देऊन स्वतः झोपते की काय, एक ना दोन! पण करणार काय? कंपनीतली वाढवून घेतलेली रजाही संपत आली होती. नवरा गौरेश हरमलला पर्यटकांच्या खोल्या सांभाळायचा, घरी कधी येईल त्याचा नेम नाही. सासूबाई मालतीबाईंचे गुडघे असे की पोर अंगणाबाहेर पळालं तर त्यांनी जागेवरून नुसती हाक मारायची. आणि दीड वर्षाची गौरवी एका जागी ठरेल तर शपथ.

बऱ्याच बायका नाकारून झाल्यावर पार्से गावातच सत्यवतीकाकी सापडली. मूळची आरोंद्याची. नवरा खाणीच्या ट्रकवर होता, तो गेल्यापासून ती एका खोलीत भाड्याने राहून लोकांची पोरं सांभाळायची. बोलणं तुटक, पण पोरं तिला सोडायला मागत नसत. गौरवी तर पहिल्याच दिवशी तिच्या मांडीवर चढली आणि तिच्या हातातला चहात बुडवलेला उंडो पाव चोखत बसली.

तरी सासूबाईंचं मन मानेना. "बाहेरची बाई ती. देवाला विचारूया."

देवळात गुरवाने ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "ही बाई विश्वासाची असली तर उजवी दी रे महाराजा!" त्याचा शब्द संपतो न संपतो तोच उजवी पाकळी सुटून खाली आली. तनयाच्या डोळ्यांत पाणीच उभं राहिलं. देवानेच होय म्हटल्यावर आणखी काय हवं?

सगळं विचारून झालं. सांगायचं ते मात्र राहिलं. राहिलं कसलं, ठेवलं! गौरवीला तापात झटका यायचा. डोळे वर जायचे, अंग लाकडासारखं ताठ व्हायचं. घाबरू नका, वयाबरोबर जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. फक्त ताप चढू द्यायचा नाही, अंगावर जाड काही घालायचं नाही, वेळेवर औषध द्यायचं.

"बाहेर एक अक्षर काढू नकोस," सासूबाईंनी बजावलं होतं. "मुलीची जात. उद्या तिच्या लग्नात हेच आडवं येईल. आणि कळलं तर कुठली बाई तिला घेणार?"

लग्नाची गोष्ट तनयाला पटली नव्हती. दुसरी पटली. म्हणून ती गप्प बसली.

पुढचे दिवस खरंच सुखाचे गेले. गौरवी काकीला "तती" म्हणू लागली. काकी तिला नारळाच्या झावळीचा भोवरा करून द्यायची, पेजेत गूळ घालून भरवायची. संध्याकाळी तनया न्यायला आली की गौरवी काकीचा पदर धरून रडायची. तनयाला जरा लागायचंही, पण कामावर तिचं चित्त थाऱ्यावर असायचं. एवढं सुख काही थोडं नव्हे.

एका सकाळी गौरवीचं अंग किंचित कोमट होतं. तनयाने घरीच औषध पाजलं. काकीच्या दारात पोचली तेव्हा सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. "जरा कणकण आहे, बघशील," एवढंच म्हणून तिने स्कूटर वळवली.

कणकण म्हटल्यावर काकीने तिच्या रीतीप्रमाणे केलं. पोरीला टोपडं घातलं, वाकळीत गुंडाळलं, खिडक्या लावल्या आणि उराशी धरून बसली. दुपारी ती वाकळ हातातच ताठ झाली.

तनया हॉस्पिटलात धावत पोचली तेव्हा गौरवीला इंजेक्शन देऊन झालं होतं. काकी अनवाणीच आली होती, वाटेत सासूबाईंना रिक्षात घेऊन. डॉक्टरीणबाईंना पोरीच्या कपाळावर टेंगूळ दिसलं, आदल्या दिवशी ती उंबऱ्यावर आपटली होती त्याचं.

"आज पडली का ही? खरं सांगा."

"नाही हो! देवाशपथ नाही! माझ्या मांडयेर होती!"

"पूर्वी कधी झटका आला होता?"

"कध्धीच नाही," सासूबाई म्हणाल्या. "सकाळी खेळत होती हो पोर."

डॉक्टरीणबाईंनी काकीकडे वळून पाहिलं. ती नजर तनयाला दिसली, काकीचे हात जोडलेले दिसले, आणि तरीही ती क्षणभर बोलली नाही. मग डोक्याला मार लागला असेल, मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागेल, असं कानावर आलं तेव्हा तिच्या तोंडून फुटलं, "येतात. तापात झटके येतात तिला. दोनदा आले होते."

काकीने हात खाली घेतले. तशीच अनवाणी बाहेर गेली.

गौरवी बरी होऊन घरी आली. गावात मात्र बाईने पोरीला हातातून पाडलं हीच बातमी झाली. सासूबाईंनी ती खोडली नाही आणि लाजेपायी तनयानेही नाही. काकीकडे बाकीची पोरं यायची एकेक करून बंद झाली. ते कानावर आलं तेव्हा मात्र तनयाला राहवेना. गौरवीला घेऊन ती काकीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"काकी, माझं चुकलं गो. गावभर सांगते मी खरं काय ते. पण हिला परत घे."

काकी उंबऱ्यावर तांदूळ निवडत होती. "आधी सांगलां असतंस तरी मी ठेवलां असतां गो तिका."

"मग आता ठेव ना!"

काकीने दोन्ही हात पुढे धरले. बोटं थरथरत होती. "हे बघ. शेजारचां पोर नुसतां शिंकलां तरी माझां असां होता. ह्या हातांनी आता कोणाचां पोर धरूचां?" मग सूप बाजूला सारत म्हणाली, "माझां तू देवाक विचारलंस. तुझां मी कोणाक विचारूचां होतां?"

तनयाला रडू आवरेना. गौरवीला त्याचं काय! "तती!" करत तिने कडेवरूनच झेप घेतली. काकीने तिला झेललं, कुशीत घेतलं. पोरीच्या कपाळावर हात ठेवला, मग गळ्याखाली ठेवला, मग पाठीवर, सगळीकडे नीट चाचपून पाहिलं.

"गार आसा," ती म्हणाली, आणि पोरीच्या मुठीतला पदर सोडवून तिला तनयाच्या हातात दिलं.