लार्चफील्डचं बारसं

लार्चफील्डमधून माणूस गेला की राहिलेल्यांची अंगणं वाढतात. गावाचं क्षेत्रफळ दोन चौरस मैल, ते काही कमी-जास्त होत नाही. उरलेल्या माणसांत त्याची सारखी वाटणी होते, एवढंच. गेलेल्याचं घर सकाळपर्यंत विरून जातं आणि वेशीवरच्या हिरव्या पाटीवरचा लोकसंख्येचा आकडा आपोआप बदलतो. ओहायोतल्या त्या चिमुकल्या गावात याचं कुणाला नवल नव्हतं. गवत जास्त कापावं लागतं म्हणून कुरकुर मात्र सगळेच करत.

वेणूताई निमकर नवऱ्याच्या नोकरीपायी सांगलीहून इथे आल्या तेव्हा पाटीवर चार हजार माणसं होती. शेजारच्या लोइसची खिडकी त्यांच्या खिडकीपासून बारा पावलांवर. मीठ संपलं की कुंपणावरून वाटी पुढे करायची, झालं. पुढे कारखाना बंद पडला, शाळा बंद पडली, पोरं शिकूनसवरून पांगली. लेक केतकी डॅलसला गेली त्या दिवशी मधलं कुंपण नखभर सरकलेलं वेणूताईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. दिगंबरराव गेले तेव्हाही नखभरच. गावाला सगळी माणसं सारखी, याचा वेणूताईंना फार राग आला होता.

यंदा हिवाळा सरता सरता पाटीवर आकडा उरला दोन.

आता लोइसचं घर मैलभर लांब, काडेपेटीएवढं दिसायचं. टेलिफोनची तार ताणून इतकी बारीक झाली होती की सकाळी ‘हॅलो’ म्हटलं तर पलीकडचं ‘हॅलो’ जेवायच्या वेळेला यायचं. गुरुवारी दुपारी, पानावर बसता बसता, वेणूताईंना लोइसचं वाक्य ऐकू आलं: “भाचा ग्लेन रविवारी येतोय. मला फिनिक्सच्या वृद्धाश्रमात नेणार म्हणतो.”

वेणूताई पानावरून उठल्या. शेवयांची खीर डब्यात भरली, कारण रिकाम्या हातानं त्या कुणाकडे गेल्या नव्हत्या, आणि शहात्तर वर्षांच्या गुडघ्यांना चार शब्द सुनावून चालू लागल्या. गवतात दोनदा बसावं लागलं. पोचल्या तेव्हा खीर गार झाली होती आणि त्यांचा पारा चढला होता.

“जाणार आहेस तू?” त्यांनी दारातूनच विचारलं.

“मी कशाला जाते!” लोइस खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. वय एक्क्याऐंशी. “पण ग्लेन म्हणतो, तू पडलीस तर ऐकायला कोण आहे? हाकेच्या अंतरावर कुणी असेल तर राहा म्हणतो.”

“मी आहे ना.”

“तू मैलभर आहेस, वेनू.”

लोइस गेली तर दोन्ही चौरस मैल त्यांचे एकटीचे होणार होते. सगळं गाव आपलं आणि आपण कुणाच्याच नाही, या विचारानं त्यांना रडू आलं, आणि त्या सरळ रडल्या.

लोइसनं त्यांना पोटभर रडू दिलं. मग खीर खाता खाता म्हणाली, “केतकीचं बारसं आठवतं? तुमच्याकडची आत्या लांब, म्हणून मला आत्या केलं होतंत. आधी तो दगड पाळण्याखालून फिरवलात.”

“वरवंटा,” वेणूताई नाक पुसत म्हणाल्या.

“मला वाटलं, दोघांचंही नाव ठेवायचं. मी त्याच्याही कानात सांगितलं. हॅरल्ड.”

वेणूताईंनी चमचा खाली ठेवला. त्या बारशाच्या दुसऱ्या दिवशी पाटीवर एकाऐवजी दोन माणसं वाढली होती. नगरपालिकेचा माणूस चौकशीला आला, दिगंबररावांनी त्याला वरवंटा दाखवला, आणि त्यानं हसत आकडा दुरुस्त करून घेतला होता. आता नगरपालिकेतही कुणी उरलं नव्हतं.

त्या उठल्या. कपड्यांच्या टोपलीत दुलई घातली, लाटणं गुंडाळून टोपलीखालून फिरवलं आणि लोइसच्या हातात दिलं. लोइसनं त्याच्या टोकाशी तोंड नेऊन ‘कुर्र’ केलं आणि तेच नाव सांगितलं. आत्याच्या पाठीत घालायचा धपाटा वेणूताईंनी घातला. बाहेर जमीन घरघरली. खिडकीतून पाहिलं तर त्यांचं घर चांगलंच अलीकडे आलं होतं, आणि मध्ये हॅरल्डचं एक नवंकोरं पिवळं घर उभं होतं.

“अजून काय आहे तुझ्याकडे?” वेणूताईंनी विचारलं.

लोइसकडे बटणं होती. आईपासूनची साठवण, बिस्किटांच्या भल्यामोठ्या डब्यात जवळजवळ दोन हजार. नावांसाठी गावाची जुनी टेलिफोन डिरेक्टरी काढली. टायपिंग शिकवणाऱ्या मिसेस प्रॅटला निळं बटण दिलं, कारण तिच्या बोटांना नेहमी शाई. गॅरेजवाल्या ऑटोला पितळी. ज्याच्याशी लोइस तीस वर्षं बोलली नव्हती त्या कर्टलाही एक दिलं, पण तडा गेलेलं. प्रत्येकाला कुर्र, प्रत्येकाला धपाटा. पाठ शेकून निघाली तरी लोइस ‘पुढचा’ म्हणत राहिली. तिच्या बहिणीचं नाव आलं तेव्हा मात्र तिनं बटण निवडायला वेळ घेतला.

केतकीचं नाव आल्यावर वेणूताईंनी पान उलटलं. “ती आहे अजून. तिला बटण कशाला?”

शनिवारी त्यांनी कोटाचं एक मोठं तपकिरी बटण उचललं आणि आपल्या नवऱ्याचं नाव त्याच्या कानात स्वतःच सांगितलं. आयुष्यभर ‘अहो’ म्हटलं होतं. पुरं नाव घेताना लाजल्या. त्याच्यासाठी नवं घर उगवलं नाही. तसंही त्यांचं घर होतंच.

रविवारी सकाळी ग्लेन आला तेव्हा दोन्ही खिडक्यांच्या मध्ये पावलं सतरा. गल्लीत दोन्ही बाजूंना घरं दाटली होती, प्रत्येकाची टपालपेटी, प्रत्येकाचं बंद दार. गाडी वेशीपाशी ठेवून तो सगळी गल्ली न्याहाळत चालत आला.

“गाव भरलेलं दिसतंय,” तो म्हणाला.

“भरलंच आहे,” वेणूताई म्हणाल्या. त्या लोइसशेजारी पायरीवर उभ्या होत्या. स्वतःच्या घराला त्यांनी कुलूप घातलं होतं.

“पण माणसं कुठायत? आंट लोइस, तू पडलीस असं समज. कुणाला हाक मारणार? मारून दाखव.”

लोइसनं वेणूताईंकडे पाहिलं. वेणूताईंनी तिचा हात घट्ट धरला. मग लोइसनं छाती भरून श्वास घेतला, आणि एकाचं नाव घ्यायचं तर बाकीच्यांना वाईट वाटेल म्हणून नुसतीच हाक मारली, “अरे, आहात का कुणी?”

गल्लीतली दारं एकामागून एक उघडली. आधी हॅरल्डचं, मग मिसेस प्रॅटचं, मग पार वेशीपर्यंत सगळ्यांची. ग्लेननं डोक्यावरची टोपी काढली आणि छातीशी धरली.

सगळ्यांत शेवटी, कुलूप खळ्ळकन पायरीवर पडून, वेणूताईंच्या घराचं दार उघडलं. पहिल्या हाकेला ओ द्यायची दिगंबररावांना कधी सवयच नव्हती.