न विचारणारा घरमालक

पांढरकवड्यात कोणी रिटायर झालं आणि फंडाच्या पैशातून भाड्याच्या खोल्या घेऊ म्हणालं, की टपरीवरची माणसं त्याला आमच्याकडं पाठवतात. "कंडक्टरले इचारा," म्हणतात. चेष्टाच असते ती. पण येणारा बिचारा खरंच विचारायला येतो आणि आमचे हे त्याला खाटेवर बसवून नीट सांगतात. खोल्या कपाशीच्या हंगामात पाहू नका, मे महिन्यात पाहा. भाडं किती ते नंतर, वर्षातले किती महिने येतं ते आधी विचारा. आणि काही झालं तरी राहतं घर तारण देऊ नका. मी चहा ठेवते. एवढं सांगून हे थांबतात. पुढचं मी सांगते, कारण माझ्या पोटात ते राहत नाही.

आमचे हे म्हणजे उकंडा नगराळे. एसटीत कंडक्टर होते. लग्नानंतर लवकरच यांची बदली झाली, आमचा मुलगा संघदीप तेव्हा कडेवर होता. नव्या गावात आम्ही खोली शोधत फिरलो. दारावर गेलं की खोली रिकामी असायची, भाडंही ठरायचं. मग मालक आडनाव विचारायचा आणि त्याचा कुठला तरी भाचा नेमका त्याच खोलीत राहायला येणार असायचा. त्या गावात भाचे फार! एका बाईनं मात्र आधी काही विचारलं नाही. मी चूल पेटवली, भात टाकला. संध्याकाळी तिला आडनाव कळलं. तिनं बादली आणली आणि पेटत्या चुलीवर पाणी ओतलं. भात अर्धा कच्चा होता. संघदीप भुकेनं रडत होता आणि हे दारात उभे होते, खाकी कपड्यात, हातात तिकिटांची पेटी.

त्या रात्री स्टँडच्या बाकड्यावर हे म्हणाले, "कांता, माह्या खोल्या होतीन ना, तवा मी कोणाले काहीच नाही इचारणार. चावी देईन अन् बाजूले होईन."

यांची जिद्द मला माहीत होती. पोटाला चिमटा घेऊन आम्ही आधी पांढरकवड्याच्या नव्या ले-आउटमध्ये स्वतःचं घर बांधलं. नळ, मोरी, पुढं पपईचं झाड. फाटकावर यांनी पेंटरकडून पाटी करून घेतली, 'उकंडा स. नगराळे'. अक्षरं एवढी मोठी की रस्त्यावरून वाचता यावीत. शेजारच्यांनी नाकं मुरडली. हे रोज सकाळी पाटी पुसायचे.

हे रिटायर झाले त्याच सुमारास गावातल्या वामनराव नावाच्या एकाच्या खोल्या विकायला निघाल्या. कापसाच्या जिनिंग कारखान्यामागं एका रांगेत टिनाच्या खोल्या होत्या. आम्ही पाहायला गेलो ते जानेवारीत. नुसती जत्रा! दोरीवर कपडे, दारादारात स्टोव्ह, ट्रकचे ड्रायव्हर, गाठी बांधणारे मजूर, कापसाची प्रत पाहणारे बाबू. एकही खोली रिकामी नाही. वामनराव म्हणाले, "भाड्यातच हप्ता निंगते, कंडक्टरसाहेब. तुमाले खिशात हात घालाचं काम नाही."

मी यांना बाजूला घेतलं. "अवो, या लोकायले इचारा तं खरं, कधीपर्यंत राह्यतेत म्हणून."

"मी नाही इचारत."

"काहून?"

"कांता, खोलीत राह्यणाऱ्याले कोणी उभं करून सवाल केले का कसं वाटते, हे तू मले इचारतं?"

जन्मभर बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाला कुठं उतरणार हे विचारून पोट भरलेला माणूस. पण खोलीच्या दाराशी त्याची जीभ उचलत नव्हती. मला राग आला आणि त्या रागातच गलबलूनही आलं. बँकेनं कर्जासाठी तारण मागितलं तेव्हा यांनी आमचं घर लिहून दिलं. माझीही सही घेतली. खोल्यांचं काहीही होवो, हप्ता चुकला तर जाणार होतं ते घर.

होळी झाली आणि कापूस संपला. ड्रायव्हर गेले, बाबू गेले, मजूर आपापल्या गावी गेले. आठवड्याभरात दोऱ्या रिकाम्या. हे म्हणाले, दिवाळीला येतील. तोवर पेन्शनच्या तुटपुंज्या पैशातून आणि माझ्या बांगड्यांतून हप्ते गेले. दिवाळी आली. त्या साली बोंडांना अळी लागली, वर भाव पडलेला. आजूबाजूच्या गावांतून रोज कोणाच्या ना कोणाच्या मरणाची बातमी यायची. जिनिंगचा भोंगा वाजलाच नाही. ज्याच्या जोरावर खोल्या भरत होत्या, ते फाटक कुलूप लावून बसलं.

फक्त शेवटच्या खोलीत जिनिंगचा चौकीदार लखीराम राहिला. मालकानं त्याचा पगार थकवला होता. तो भाडं देत नव्हता आणि हे मागत नव्हते. एका सकाळी लखीरामच चावी घेऊन आला. मान खाली. "मालक, तुमी काही म्हणत नाही, थेच जास्त लागते," म्हणाला आणि बायकोला घेऊन चालता झाला.

मग बँकेचा माणूस घर मोजायला आला. पपईच्या झाडाशी उभा राहून टेप ओढत होता. त्या दिवशी मी ठरवलं. खोल्यांना गिऱ्हाईक नाही, पण घराला मिळेल. घर भाड्यानं द्यायचं आणि आपण टिनाच्या खोलीत जायचं. हे नुसतं "बरं" म्हणाले.

फवारणीच्या औषधाच्या कंपनीचा एक माणूस मागच्या गल्लीच्या दारानं घर पाहायला आला. नळ आवडला, मोरी आवडली, भाडं कबूल. हप्ता भागत होता. मी मनातल्या मनात पदर पसरला. त्यानं खिशातून पैसे आणि पेन काढलं. "इसाराची पावती करतो. नाव काय लिहू?"

"उकंडा नगराळे," हे म्हणाले.

पेन थांबलं. त्यानं भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडं पाहिलं. "घरच्यायले इचारून सांगतो," म्हणाला. पैसे परत खिशात गेले. घर आमचं, भाड्यानं येणारा तो, आणि आडनाव सांगायचं ते आम्हीच! मला वाटलं, बादली आणावी नि त्याच्या डोक्यावर ओतावी.

ऊन कललं तसे हे पेचकस घेऊन फाटकापाशी गेले. मी धावले. "अवो, काय करून राह्यले?"

"उद्या दुसरा येऊन राह्यला ना पाहाले."

"म्हणून पाटी काढता? राहू द्या. गेलं तं गेलं घर!"

"घर नाही गेलं पाह्यजे, कांता." स्क्रू गंजले होते. यांनी मला हात लावू दिला नाही. पाटी निघाली तशी फाटकावर तेवढाच चौकोन कोरा दिसू लागला. मग आत येऊन यांनी तसबीर उतरवली आणि माझ्या लुगड्यात गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी आलेल्या माणसानं नाव विचारलं. हे हसले. कंडक्टरचं ते जुनं हसू, सुट्टे नसले की हसायचे तसं. "मले सारेच कंडक्टर म्हणतेत. तुमी बी तेच म्हणा." त्या माणसानं पैसे दिले. मी मागच्या दारी जाऊन रडले.

आता हप्ता वेळेवर जातो. आम्ही लखीरामच्या खोलीत राहतो. तसबीर लगेच लावली, पाटी मात्र पिठाच्या डब्यामागं उभी आहे. परवा मी म्हणाले, "या दारावर तरी लावू ना. खोली आपलीच आहे."

हे खाटेवरून उठलेही नाहीत. "राहू दे," म्हणाले. "इथं कोण इचारते आपल्याले."